वाईचे पंडित

या जगात माणसाला ओळख देणाऱ्या शक्ती तीनच. पहिली परमेश्वर, दुसरी आईबाप आणि तिसरी मी. पहिल्या दोघांनी माणूस कितीही मन लावून घडवलेला असो, तो नेमका कुठल्या दारामागे राहतो हे मी सांगितल्याशिवाय पोस्टमनला कळत नाही. अशी माझी थोरवी. सध्या मी एका बाकाच्या तोकड्या पायाखाली असते.

मी एक जुनी नावाची पाटी आहे, मित्रांनो. लांबी नऊ इंच, रुंदी सहा. जन्माने मी खोक्याची फळी. भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात परदेशातून मोठं यंत्र आलं, ते आमच्या खोक्यातून आलं. यंत्र कारखान्यात गेलं आणि खोकं टाउनशिपच्या घराघरांत गेलं. कुठे त्याचा मोरीचा दरवाजा झाला, कुठे कोंबड्यांचं खुराडं. माझ्या सख्ख्या भावाचा देव्हारा झाला. मला मशीनशॉपमधल्या एका चार्जमननी, म्हणजे कामगारांवरच्या मुकादमांनी, रंधा मारून घेतला, काळा ऑइलपेंट दिला आणि बाजारातल्या गोविंद पेंटरकडे नेलं.

त्या चार्जमनचं नाव येशुदास शांतवन पंडित. नगर जिल्ह्यातल्या राहुरीकडचे मराठी ख्रिस्ती. आजोबांच्या आधीपासून घराणं ख्रिस्ती, पण आडनाव जुनंच राहिलं होतं. आडनावं अशीच असतात, मित्रांनो. माणूस कुठेही गेला तरी ती मागच्या दाराने घरात येऊन बसतात.

गोविंद पेंटरने मला हातात धरून वरखाली पाहिलं.

"येशुदास शांतवन पंडित," तो म्हणाला. "नौ इंच में? भाईसाहब, ये नाम है कि रेलगाड़ी?"

"मग काय करायचं?"

"वाय. एस. पंडित लिख देता हूँ. अफसर लोग ऐसे ही लिखवाते हैं."

येशुदासांनी क्षणभर विचार केला. मला तो क्षण अजून आठवतो. मी आणखी तीन इंच लांब असते तर हे सगळं रामायण घडलंच नसतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. गोविंदने हिंदी रिवाजाप्रमाणे वायचं 'वाई' केलं. वरच्या निम्म्या भागात पांढरं, टपोरं 'वाई. एस. पंडित' काढलं. खालचा निम्मा भाग रिकामा ठेवला. "नीचे फूल बना दूँगा, फुर्सत से," असं म्हणाला. ती फुरसत त्याला मिळाली नाही. त्यात घरी आल्यावर येशुदासांनी दारावर मला ठोकताना खिळा नेमका 'वाई'पुढच्या टिंबावर बसवला. टिंब गेलं. मी वाचली जाऊ लागले, 'वाई एस. पंडित'.

आता आमच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर विनायकराव घाटे राहायचे. नागपूरचे. कारखान्यात हिशेबनीस, ब्लॉकच्या रहिवासी समितीचे सचिव आणि टाउनशिपच्या मराठी मंडळाचे प्राण. दिसेल त्या मजकुराचं शुद्धलेखन तपासायचं, ही त्यांची जन्मखोड. मला ठोकून दुसराच दिवस होता. ते जिन्यावरून उतरले, माझ्यासमोर थांबले, चष्मा पुसला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"वाईचे का जी तुम्ही?"

मित्रांनो, हिंदी माणसाला 'वाई' म्हणजे इंग्रजी बाराखडीतलं एक अक्षर. मराठी माणसाला वाई म्हणजे कृष्णाकाठ, घाट, देवळं आणि शास्त्रीबुवा. येशुदास हातात भाजीची पिशवी घेऊन उभे होते. 'नाही' हा शब्द दोन अक्षरांचा. तो त्यांच्या घशापर्यंत आलेला मी पाहिला.

"तिकडचाच," ते म्हणाले.

राहुरीही तिकडेच आहे म्हणा. भोपाळहून पाहिलं तर सगळंच तिकडे आहे.

"नलिनी," विनायकरावांनी जिन्यातूनच बायकोला हाक मारली, "अगं, खाली वाईचे पंडित आले राहायला. दशग्रंथी घराणं दिसतं."

त्या दिवसापासून आमचे दिवस पालटले. नलिनीताई सणासुदीला झाकलेली वाटी घेऊन यायच्या. हिंदी शेजारी जातायेता 'पंडितजी, पाय लागू' करायचे. नमस्कार येशुदासांना असायचा, पण नजर माझ्यावर असायची. कबूल करायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं. माझ्या भावाचा देव्हारा झाला होता तरी त्याला सकाळ-संध्याकाळच नमस्कार मिळायचा. मला दिवसभर.

येशुदासांच्या पत्नी मनोरमाबाई टाउनशिपच्या इस्पितळात नर्स होत्या. मला पुसायला त्या रोज ओलं फडकं घेऊन यायच्या आणि रोज खालच्या रिकाम्या भागावर त्यांचा हात थांबायचा.

"अहो, खाली केवढी जागा आहे. पूर्ण नाव बसेल."

"करू नंतर."

"शेजारी काय समजतात, माहीत आहे ना?"

"त्यांना काय समजायचं ते समजू दे. आपण कुठे खोटं बोललो?"

"आपण नाही बोललो. पाटी बोलते," मनोरमाबाई म्हणाल्या.

ते फडकं त्या दिवशी मला जरा जोरातच लागलं.

पाटीला दारातलं तेवढंच दिसतं, पण दारात पुष्कळ घडतं. एका सप्टेंबरात येशुदास कारखान्यातून नारळाची वाटी घेऊन आले आणि आत जाईनात. मशीनशॉपमध्ये विश्वकर्मा पूजा होती. बोलावलेले भटजी आले नाहीत, तेव्हा फोरमन तिवारी म्हणाले, घरात पंडित असताना बाहेर कशाला शोधायचा? आणि यांना मशीनपुढे बसवलं.

"मग तुम्ही काय म्हटलंत?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"प्रभूची प्रार्थना. पुटपुटलो. कुणाला शब्द कळले नाहीत."

"आणि शेवटी?"

"शेवटी आमेन म्हटलं. तिवारींना ओम ऐकू आलं."

"देवाला काय ऐकू आलं असेल?"

नारळ घरात गेला नाही. तो माझ्याखाली उंबऱ्याशी पडून राहिला. दुसऱ्या दिवशी एका गाईने तो प्रश्न सोडवला.

शेजारच्या गल्लीत, आमच्याच समितीच्या हद्दीत, रवींद्र साळवे राहायचे. जालन्याचे, कारखान्यात क्रेन चालवायचे. त्यांच्या दारावर पूर्ण नाव होतं आणि नावाखाली छोटा क्रूस. दर शनिवारी संध्याकाळी त्यांच्याकडे पंधरा-वीस माणसं प्रार्थनेला जमायची. साळवे तबल्यावर बसायचे, खिडक्या सताड उघड्या. आमच्याकडची दोघंही जायची. मनोरमाबाई गीतांचं पुस्तक हातात धरून जायच्या. येशुदास आपलं पुस्तक पिशवीत ठेवायचे आणि वर मेथीची जुडी. दर शनिवारी इतकी मेथी नेणारा माणूस टाउनशिपमध्ये दुसरा नव्हता.

साळवे दारात भेटले की म्हणायचे, "सलाम, पंडितभाऊ." आपले मराठी ख्रिस्ती लोक एकमेकांना असाच सलाम करतात. येशुदास आधी जिन्याकडे बघायचे आणि मग म्हणायचे, "नमस्कार, नमस्कार." साळवे हसायचे. ते हसणं फार साधं होतं. त्याचाच त्रास व्हायचा.

अशी नऊ वर्षं गेली. पांढऱ्या अक्षरांवर पिवळी झाक आली, काळा रंगही उडायला लागला, म्हणून येशुदासांनी एका रविवारी माझ्या रिकाम्या भागाला काळ्या रंगाचा नवा हात दिला. मनोरमाबाई म्हणाल्या, "रिकाम्या जागेची बडदास्त छान ठेवता." तो रंग पुरता वाळायच्या आत विनायकराव एक कागद घेऊन आले.

"पंडित, तुमची सही पहिली पायजे," ते म्हणाले. "तुमचं नाव वर असलं की बाकीचे डोळे मिटून करतात."

"कशावर?"

"त्या साळव्याकडे दर शनिवारी गर्दी होऊन राहिली. गाणं काय, तबला काय. ब्लॉकातल्या लोकांना नाही पटत. कोणाकोणाला बाटवून राहिला म्हणतात."

"कोणाला?"

"ते नाही माहीत. पण म्हणतात नं." विनायकराव वाईट नव्हते, मित्रांनो. माहीत नसलेली गोष्ट ते अगदी सद्‌भावनेने सांगत होते. "समितीतर्फे समज द्यायची. जमाव बंद करा, नाही तं क्वार्टर काढून घ्यावं म्हणून वर अर्ज करू. एवढंच."

येशुदासांनी कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, दोनच अक्षरं आहेत. मग मला सकाळच्या नमस्कारांची आठवण झाली आणि मीही म्हणायची थांबले.

"टेकवायला काही नाही," येशुदास म्हणाले. तेवढीच त्यांची पळवाट.

"ही पाटी आहे की," विनायकराव म्हणाले.

आणि त्यांनी तो कागद माझ्यावर टेकवला. बॉलपेन धड चालत नव्हतं म्हणून येशुदासांनी दाबून सही केली. वाय. एस. पंडित. खाली रंग ओला होता. कागद निघाला तेव्हा सही त्याच्यावर होती आणि माझ्यावरही होती, न शाईची, नुसती खोल. पुढे रंगाचे कितीही हात बसले तरी ती बुजली नाही. लाकडाला लाज नसते म्हणतात. आमच्या जातीच्या एका लाकडाने फार पूर्वी, एका टेकडीवर, दुसऱ्याचं केवढं ओझं उचललं होतं. मी एक कागद उचलला, तोही दुसऱ्याला खाली पाडायला.

मनोरमाबाई आत स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी फडकं घेऊन आल्या, सहीवरून बोट फिरवलं आणि मला न पुसताच आत गेल्या. मला एवढी मोठी शिक्षा कुणी केली नव्हती. पुढचा शनिवार आला तेव्हा त्या एकट्याच साळव्यांकडे निघाल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या.

"बंद झालं," त्या म्हणाल्या. "तुमच्या भाजीवाल्याला सांगा, आता मेथी लागणार नाही."

येशुदास त्या संध्याकाळी दारातच बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी साळवे आले. मी मनातून म्हटलं, आता हा मला खिळ्यासकट उपटणार, आणि उपटलंच पाहिजे. साळव्यांनी चपला काढल्या.

"सलाम, पंडितभाऊ."

येशुदास उठून उभे राहिले. नमस्कारही आला नाही त्यांना.

"आमच्याकडे आता जमता येणार नाही," साळवे म्हणाले. "चार लेकरं आहेत, क्वार्टर गेलं तर कुठे नेऊ? म्हणून म्हटलं विचारावं. तुमच्याकडे जमू या का शनिवारी?"

"साळवे, त्या कागदावर..."

"हां. वाचून दाखवला समितीने. नावं पण वाचली." साळव्यांनी कपाळ पुसलं. "तुमचं पहिलं होतं की दुसरं, ते काही माझ्या ध्यानात राहिलं नाही."

मग चपला पायात सरकवत ते म्हणाले, "तबला मात्र तुम्हाला न्यायला यावं लागेल, भाऊ. माझी सायकल पंक्चर आहे."

ते गेल्यावर येशुदासांनी आत जाऊन कारखान्याच्या हिरव्या रंगाचा डबा आणला, मशीनला लावतात तो. ब्रश दोन बोटं जाड. मनोरमाबाई मागून आल्या.

"अहो, आधी खडूने आखून घ्या."

"नऊ वर्षं आखतोच आहे," ते म्हणाले.

मला त्यांनी खिळ्यावरून काढलंसुद्धा नाही. दारातच, भर दुपारी, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या देखत लिहायला लागले. नऊ वर्षांचं एकदम लिहायचं म्हटल्यावर अक्षर मोठंच येणार. 'ये' ऐसपैस आला. 'शु' त्याहून. 'दा'चा काना माझ्या अगदी कडेला टेकला आणि मी संपले. नाव मात्र संपलं नव्हतं.

येशुदास थांबले. मित्रांनो, तुम्हाला काय वाटेल ते वाटो, त्या वेळी मी प्राण कंठाशी आणून तीन इंच वाढायचा प्रयत्न केला. वाळक्या लाकडाला ते जमत नाही. मनोरमाबाई म्हणाल्या, "भिंत आहे की."

मग 'स' भिंतीवर गेला. कारखान्याच्या चुन्याच्या पिवळ्या भिंतीवर हिरवा 'स'.

विनायकराव अर्ध्या तासात खाली आले. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून वाचलं.

"वाईचे नाही तुम्ही," ते म्हणाले.

"राहुरीचा."

"नऊ वर्षं माझ्या घरची पुरणपोळी खाल्ली, पंडित. मी काय तुम्हाला दिली नसती का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, चिरकला होता. "सांगितलं असतं तं दिली नसती का?"

येशुदासांनी मान खाली घातली. "माहीत नाही, विनायकराव. ते विचारायची हिंमतच केली नाही मी. तो माझा गुन्हा."

विनायकराव जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे पहा. मी एकट्याने वाचलं अजून. हिरवं पुसून टाका, मी काही बोलणार नाही. तुमचा धर्म तुम्ही घरात करा. फक्त शनिवारचं इथे आणू नका. आणाल तं मला तुमच्याविरुद्ध कागद काढावा लागेल. तुम्हीच सही केली त्या कागदावर, तुम्हीच आता..."

"हो," येशुदास म्हणाले. "म्हणून तर."

शनिवारी आमच्याकडे अठरा माणसं जमली. खिडक्या मनोरमाबाईंनी स्वतः उघडल्या. दारात साळवे म्हणाले, "सलाम, पंडितभाऊ," आणि येशुदासांनी जिन्याकडे न बघता म्हटलं, "सलाम." मी हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

पुढची वर्षं गोड गेली असं मी सांगणार नाही. एकदा माझ्यावर शेण फासलं गेलं, मनोरमाबाईंनी धुतलं. एकदा अर्धी वीट आली, तिचा टवका माझ्या कोपऱ्यावर आहे. मराठी मंडळाच्या यादीतून नाव गेलं. तिवारी फोरमन 'पंडितजी'चं नुसतं 'पंडित' म्हणायला लागले आणि विश्वकर्मा पूजेला भटजी वेळेवर यायला लागले. वाट्या बंद झाल्या. समितीचा कागद निघाला, समज दोनदा आली. दोन्ही वेळा येशुदासांनी सचिवांना लिहून दिलं की प्रार्थना चालू राहील आणि गाणं आठच्या आत संपेल. खाली सही पूर्ण नावाने. क्वार्टर काढून घेण्याचा अर्ज वर गेला की विनायकरावांच्या टेबलात राहिला, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

साळवे चार वर्षांनी बदली होऊन गेले. जाईपर्यंत त्यांनी त्या सहीची गोष्ट एकदाही काढली नाही. येशुदासांनी दोनदा माफी मागायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा साळव्यांनी तबल्याला हातोडी लावली. माफी मिळाली होती हो, पण हातात कुणी दिली नव्हती. ती तशीच घेऊन राहायचं म्हणजे अवघड.

आणि दर दोन वर्षांनी चुनाकाम यायचं. ठेकेदाराची माणसं शिडी लावून ब्लॉकच्या भिंती रंगवायची आणि भिंतीवरचा 'स' चुन्याखाली जायचा. मी उरायची 'येशुदा'. दुसऱ्या दिवशी येशुदास हिरवा डबा घेऊन बाहेर यायचे आणि 'स' काढायचे. जाणारे येणारे म्हणायचे, "पाटी नवी करा ना, लांब." ते म्हणायचे, "नको. हे बरं आहे. दर दोन वर्षांनी पुन्हा लिहावं लागतं."

त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी चुनाकामवाला आला. ब्रश बादलीत बुडवून त्याने 'स'कडे हात नेला, तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

"अरे भाई, वो छोड़ दो."

विनायकराव होते. चौदा वर्षं त्यांनी आमच्या दाराकडे पाहून मान वळवली होती.

"दीवार पे लिखा है, साब. ठेकेदार बोलेगा."

"नाम है वो. आधा नाम पढ़ के मेरा दिमाग ख़राब होता है," विनायकराव म्हणाले. येशुदास दारात आलेले पाहून त्यांनी घाईने खुलासा केला, "शुद्धलेखन म्हणून सांगितलं. बाकी माझं मत बदललं नाही."

"चहा घेणार?" येशुदासांनी विचारलं.

"साखर कमी," विनायकराव म्हणाले आणि चपला काढून आत आले.

निवृत्तीनंतर पंडितांनी भोपाळमधल्याच सोनागिरी वस्तीत छोटं घर केलं. मला खिळ्यावरून काढून बरोबर नेलं. 'स' मात्र भिंतीचा, तो तिथेच राहिला. नव्या दारावर त्यांच्या आता कमावत्या झालेल्या मुलीने पितळेची लांब पाटी लावली, सगळं नाव एका ओळीत. आता शनिवारची प्रार्थना वरच्या खोलीत भरते. तिथल्या एका बाकाचा डावा पाय तोकडा निघाला, तेव्हा येशुदासांनी मला खाली सरकवलं. बाकाचा पाय बरोबर त्या सहीवर आला आहे. मुद्दाम की चुकून, मी विचारलं नाही. मला ते पटलं आहे. ज्या जागेवर मी एकाची बसायची जागा मोडली, त्याच जागेवर आता चार जण बसतात.

मित्रांनो, रिवाजाप्रमाणे मी तुम्हाला इथे काहीतरी उपदेश करायला हवा. पाट्या जपा, पुसा, कुणाच्या अंगावर कागद टेकवून सह्या करू नका. नाव मोठं असलं तरी फळी तोकडी आहे म्हणून अर्धं सांगू नका, भिंत असतेच. पण मी स्वतः नऊ वर्षं काय केलं ते तुम्ही ऐकलंच आहे. माझा उपदेश मी बाकाखालीच ठेवते.

एक विनंती मात्र आहे. विनायकराव हल्ली दर शनिवारी येतात. "मी फक्त तबला ऐकायला येतो," असं आल्या आल्या सगळ्यांना सांगतात आणि बसतात नेमके बाकाच्या डाव्या टोकाला. माणूस आता पंच्याऐंशी किलोचा आहे. त्यांना कुणीतरी जरा मध्ये सरकायला सांगा.